जाकिटासमोर काही बोलू नका

बुधवार, ५ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. दोघींच्या हातात फोन असताना ही बाई पत्र का लिहिते, असं तुम्हाला वाटेल, म्हणून आधी तेच सांगते. गोटीच्या पिशवीत आजपासून दोन जाकिटं आहेत. निळं माझ्याकडे असताना घालायचं, हिरवं तुमच्याकडे. छातीवरच्या खिशात एक यंत्र बसतं आणि ते दिवसभर घरातलं बोलणं मोजतं. बालविकास केंद्रातली जी मुलगी ही जाकिटं घेऊन आली, तिला मी जाकीटवाली म्हणते. ती गळ्याशपथ सांगते की यंत्र फक्त किती बोललं ते मोजतं, काय बोललं ते कुणी ऐकत नाही. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलंय. वर्गात जो खाली मान घालून बसतो, तोच सगळं ऐकत असतो. तेव्हा आपल्या दोघींचं जे काही असेल, ते कागदावर. जाकिटासमोर नको.

आता मुद्दा. गोटी अडीच वर्षांची होत आली आणि अजून एक शब्द नाही. बोट दाखवते, मान हलवते, 'हं' म्हणते. कान तपासून झाले, कान उत्तम आहेत. घरात मुलांशी किती बोललं जातं आणि मुलं कधी बोलायला लागतात, यावर केंद्राचा अभ्यास चाललाय, त्यात माझ्या मुलीनं आणि तुमच्या मुलानं गोटीचं नाव घातलंय. आणि रविवारी मुलीनं मला हळूच सांगितलं की अहवाल चांगला आला नाही, तर एप्रिलपासून गोटी पूर्ण वेळ पाळणाघरात. चार मुलांत राहिली की बोलेल म्हणे. म्हणजे माझे सोमवार ते बुधवार गेले, तुमचे गुरुवार ते शनिवारही गेले.

तुमच्याकडे शिवणयंत्र दिवसभर घरघरत असतं. ती घरघर म्हणजे बोलणं नव्हे, असं जाकीटवाली म्हणाली. मी आपलं कानावर घातलं.

गोटीच्या आईची आई


शनिवार, ८ फेब्रुवारी

विहीणबाई,

पत्र डायपरच्या खाली सापडलं. जागा झकास निवडलीत. माझा मुलगा त्या कप्प्यात चुकून हात घालायचा नाही.

एवढ्या घाबरू नका हो. तुमचा जावई तीन वर्षांचा होईपर्यंत अक्षर बोलला नव्हता. मग जो सुरू झाला तो लग्नापर्यंत थांबला नाही. लग्नानंतर पुन्हा गप्प झालाय, त्याचं कारण मी विचारत नाही.

शिवणयंत्राचं कळलं. पण तुमच्या त्या केंद्रात जाकिटं शिवतं कोण? खिशाला आतून अस्तर नाही, यंत्राचा कोपरा पोरीच्या छातीला टोचतो. कपडे शिवण्यात जन्म गेला माझा, असलं काम मी शिकाऊ मुलीकडून घेतलं नसतं. हिरव्यावर जरा हात फिरवते.

आणि पाळणाघराचं म्हणाल, तर माझ्या अंगात जीव असेपर्यंत ते होणार नाही. बोलणंच मोजतात ना? मग बघाच.

गोटीच्या बाबांची आई


बुधवार, १२ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमच्या निर्धाराचं कौतुक वाटलं. पण अशा कामाला शिस्त लागते, म्हणून माझ्याकडचा क्रम कळवते. सकाळी उठल्याबरोबर वर्तमानपत्र मोठ्यानं, अग्रलेखासकट. मग पाढे. मग नद्या, पर्वत, देश आणि त्यांच्या राजधान्या. आंघोळीला जाकीट काढावं लागतं, तेवढ्यात मी घोटभर पाणी पिते. जेवताना पचनसंस्था. दुपारी ती झोपली तरी मी थांबत नाही, कारण जाकीट जागंच असतं.

आमच्या ह्यांनी तिसऱ्या दिवशी कानातलं यंत्र काढून कपाटात ठेवलं. आता ते सबंध दिवस हसतमुख असतात. माझा घसा मात्र बसलाय.

गोटी सगळं लक्ष देऊन ऐकते. काल मी ज्वालामुखी शिकवत असताना तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं. पण लाव्हा अर्ध्यावर कसा सोडणार?

तुमच्याकडे काय क्रम आहे?

गोटीच्या आईची आई


शनिवार, १५ फेब्रुवारी

विहीणबाई,

माझ्याकडे क्रम नाही, गिऱ्हाईक आहे. येईल तिला सांगितलंय, माप देताना बोलायचं ते गोटीकडे बघून बोलायचं, नाहीतर कपडे वेळेवर मिळणार नाहीत. परवा एकीनं आपल्या जावेचं सगळं प्रकरण पहिल्यापासून गोटीला सांगितलं. गोटी कापायच्या टेबलाखाली मांडी ठोकून, डोळे वासून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हं." त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, इतकं समजून घेणारं माणूस मला आजवर भेटलं नाही. बाहीचं माप घ्यायचं राहूनच गेलं.

गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी आणि रेडिओ आलटून पालटून बोलतो.

एक गोष्ट तुम्हालाच लिहिते, मुलांना सांगू नका. काल गोटीनं एक बटण आणून माझ्यासमोर धरलं. ओठ हलवले. मी आनंदानं ओरडले, "बटण! म्हण, बटण! बटण म्हण बघू!" तिनं ओठ मिटले आणि बटण परत डब्यात टाकलं. वरवर मी हसते, पण पोरीत काही कमी तर नसेल ना हो?

गोटीच्या बाबांची आई


बुधवार, २६ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमची शंका माझ्याही मनात आहे. म्हणून गेल्या आठवड्यात पत्र लिहायला हात उचलला नाही.

काल जाकीटवाली पहिल्या आठवड्यांचा आलेख दाखवायला आली होती. उंच-बुटके खांब असतात तसा. माझ्याकडचे खांब बघून ती म्हणाली, "बापरे!" मी नम्रपणे मान खाली घातली. तुमच्याकडचे खांब मात्र, कसं सांगू, जमिनीतून वरच आलेले नाहीत. गुरुवार ते शनिवार जवळजवळ सपाट. ती म्हणाली, त्या घरात फार शांतता असावी.

मी तुमची बाजू घेतली हो. म्हटलं, माणूस एकटं राहायला लागलं की बोलायची सवय मोडते, त्यांना दोष देऊ नका. गिऱ्हाइकांचं तुम्ही मला लिहिलंत ते लिहिलंत, पण यंत्राला कसं फसवणार? हवा असेल तर माझा क्रम उतरवून पाठवते.

गोटीच्या आईची आई


शनिवार, १ मार्च

बाई,

माझ्या घरात शांतता? रस्त्यावरून जाणारा माणूस आत डोकावून विचारतो की काय झालं, एवढं आम्ही बोलतो! आणि मी खोटं लिहिते काय? माझ्या एकटेपणाची बाजू घ्या म्हणून मी तुम्हाला सांगायला आले होते? तीही त्या जाकीटवालीसमोर? तुमचा क्रम तुमच्यापाशीच ठेवा, तुमच्या ह्यांनी कपाटात यंत्र ठेवलंय ना, त्याच्या शेजारी.

आजपासून आपला अबोला. रविवारी मुलांकडे गाठ पडली तरी मी तुमच्याशी बोलणार नाही. पत्र लिहीन, कारण गोटीला खोकला झालाय आणि औषधाचं सांगावंच लागतं. अबोला बोलण्याचा असतो, लिहिण्याचा नसतो.

औषध सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा. पोटात काही गेल्यावर.


मंगळवार, ११ मार्च
स्वयंपाकघरातून

विहीणबाई,

तुम्ही बाहेरच्या खोलीत बसला आहात, मी आत ओट्यापाशी. मधलं दार उघडंच आहे. असं पत्र मी जन्मात लिहिलं नव्हतं.

रविवारी तुमच्या घरातली पाण्याची नळी फुटली, घोटाभर पाणी झालं, आणि जावईबापूंनी तुम्हाला दुरुस्ती होईपर्यंत माझ्याकडे आणून सोडलं. आपला अबोला आहे हे त्यांना दिसत असणार. पण विचारलं तर ऐकून घ्यावं लागेल, म्हणून ते चपला न काढताच गेले. आता आठवडाभर गोटीही इथेच आणि तुम्हीही इथेच.

काल दिवसभर आपण जे केलं त्याची मला रात्रीपर्यंत लाज वाटत होती. पाहुण्या बाईला चहात साखर किती हे विचारायचं, तर मी गोटीला म्हटलं, "जा, त्या आजीला विचार, साखर किती?" ती तुमच्यासमोर जाऊन पोट पुढे काढून उभी राहिली. तुम्ही तिच्या कानात काही म्हणालात. ती माझ्याकडे आली, "आ-दा-दा-बू" असं बरंच काही बोलली आणि पंजा पसरून पाच बोटं दाखवली. मी पाच चमचे घातले. तुम्ही तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालात आणि तोंड वाकडंसुद्धा केलं नाहीत. तुम्हाला पाच चमचे लागतात हे मला खरंच माहीत नव्हतं.

जेवायला काय करू, ते गोटीपाशी कळवा.

गोटीच्या आईची आई


त्याच दिवशी
बाहेरच्या खोलीतून

पाच चमचे! मी दोन म्हणाले होते. मला वाटलं, तुम्ही सूड उगवताय. म्हटलं, पिऊन दाखवीन पण हूं की चूं करणार नाही.

आणि मी "त्या आजीला सांग, खिडकी उघड" म्हणून पाठवलं, तर तिनं तुमच्यापुढे हातवारे करून एवढं मोठं भाषण केलं, आणि तुम्ही उठून दिवा लावलात. तो मी मुकाट्यानं चालू ठेवला.

पण पोर काय ऐटीत येते हो! निरोप सांगून झाला की उत्तर घेतल्याशिवाय जागची हलत नाही. मी गप्प, तुम्ही गप्प, आणि ती मध्ये उभी राहून बडबडते. मला हसू दाबावं लागतं. अबोल्यात हसलं तर सगळंच मुसळ केरात.

जेवायला काहीही चालेल. हे मी तिला सांगितलं, आता तुमच्यापर्यंत काय पोचतं बघू.


गुरुवार, १३ मार्च
स्वयंपाकघरातून

विहीणबाई,

निळं जाकीट धुवायला टाकलं म्हणून हिरवं काढलं. खिशात बोट घातलं आणि थक्क झाले. आतून बोटभर जाड कापूस, वर बारीक टीप. टोचू नये म्हणून तुम्ही यंत्राला गादीवर झोपवलंत, वर रजई घातलीत! ते काय डोंबल ऐकणार?

कापूस मी काढला. जाकीटवालीला फोन करून सांगितलं, हिरव्या जाकिटाचं अस्तर जाड झालं होतं, त्या घरात भरपूर बोलतात, तुमचे आधीचे खांब खोटे आहेत. अस्तर कुणी घातलं ते तिनं विचारलं. मला खोकला आला.

आणि ते एकटं माणूस वगैरे मी जे म्हणाले, ते माझं चुकलं. मोठेपणा मिरवायच्या नादात जीभ घसरली. मनात ठेवू नका.


त्याच दिवशी
बाहेरच्या खोलीतून

कापसाचं कुणाला सांगू नका. कपडे शिवणाऱ्या बाईची अब्रू असते.

तुमच्या त्या वाक्याचा मला एवढा राग आला, कारण ते खरं होतं. गोटी असते त्या तीन दिवसांत माझं घर घरासारखं वाटतं. रविवारी मी गिऱ्हाइकांचे तयार कपडेसुद्धा उगीच उलगडून परत घडी घालत बसते. तिला पाळणाघरात घातलं तर मी काय करू, सांगा.

तर अबोला मिटला म्हणायला माझी हरकत नाही. पण शनिवारपर्यंत राहू दे. इतक्यात मिटवला तर पुढच्या वेळी माझ्या रागाला कोण विचारणार?


गुरुवार, २० मार्च
बालविकास केंद्र

दोन्ही आजींना नमस्कार.

अहवाल आई-बाबांना दिला आहे, पण एक गोष्ट तुम्हालाच विचारायची होती. गोटी आठवडाभर एकाच घरात होती आणि तुम्ही दोघी तिथे होता, त्या दिवसांत घरातलं मोठ्यांचं बोलणं निम्म्याहून कमी झालेलं दिसतं. आणि गोटीचे स्वतःचे आवाज, तिनं उत्तर देणं, पुन्हा काही म्हणणं, हे मात्र एकदम कितीतरी वाढलं. माझ्या गटातल्या कुठल्याच मुलाच्या बाबतीत मी असं पाहिलेलं नाही.

मुलांच्या कानावर किती शब्द पडतात, याला महत्त्व आहेच. पण त्यांनी बोलावं म्हणून मोठी माणसं किती वेळा थांबतात, यालाही तितकंच आहे. आधीच्या आठवड्यांत निळ्या जाकिटाच्या घरात गोटीला मध्ये तोंड घालायला जागाच मिळत नव्हती. हे मी पूर्ण आदरानं लिहिते आहे.

यंत्र शब्द ऐकत नाही, त्यामुळे तुम्ही त्या आठवड्यात नेमकं काय केलंत ते मला कळायला मार्ग नाही. पण जे केलंत ते कृपा करून चालू ठेवा. तपासणीत काळजीचं काही दिसलेलं नाही. पाळणाघराचा निर्णय एप्रिलअखेरपर्यंत थांबवा, असं मी आई-बाबांना सुचवलं आहे.

तुमची जाकीटवाली (गोटीची आई मला याच नावानं हाक मारते)


बुधवार, २६ मार्च

विहीणबाई,

वाचलंत? पूर्ण आदरानं म्हणे! चौतीस वर्षं मुलांना गप्प बसा म्हणून ओरडले, आणि एका पोरीला बोलतं करायचं तर मीच गप्प बसायचं. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तो लाव्हा मी अर्ध्यावर सोडला असता तर? पण आता त्याचं काय.

काम कठीण आहे. आपल्याला पुन्हा अबोला धरायला हवा आणि आपलं तर चांगलं गूळपीठ जमलंय. दर बुधवारी तुम्ही माझ्याकडे या, शनिवारी मी तुमच्याकडे येते. दारातून आत आलं की एकमेकींशी अवाक्षर नाही. सगळं गोटीमार्फत. आणि ती बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. हे दुसरं मी मुख्यतः स्वतःला लिहिते आहे.

गोटीच्या आईची आई


शनिवार, २९ मार्च

विहीणबाई,

आज तुम्ही आलात, तोंड फुगवून बसलात, आणि मला असं हसू फुटलं की गोटीसुद्धा हसायला लागली. निरोप राहिले बाजूला. खोटा राग मला जमत नाही. मला काहीतरी खरं कारण द्या, मग बघा कशी गप्प बसते ते.

गोटीच्या बाबांची आई


बुधवार, २ एप्रिल

विहीणबाई,

कारण हवंय ना? घ्या. गोटी जन्मली त्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "नाक आमच्यावर गेलंय, नशीब!" ते 'नशीब' मी अडीच वर्षं गिळून बसले आहे. माझ्या मुलीचं नाक माझ्यावर गेलंय आणि माझ्या नाकाला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत.

लिहिताना मला वाटलं होतं, गंमत म्हणून लिहीन. आता खरंच राग आलाय.

गोटीच्या आईची आई


शनिवार, ५ एप्रिल

'नशीब' मी मनापासून म्हणाले होते, आजही म्हणते.

आणि आता माझंही ऐका. तुमच्यासाठी मी हौसेनं कोट शिवला होता. तो तुम्ही दुसऱ्या शिंप्याकडे नेऊन उसवून पुन्हा बसवून घेतलात. मी शिवलेली टीप मला लांबून ओळखू येते, बाई! त्या दिवसापासून तुम्ही तो घालून आलात की मी भिंतीकडे बघते.

बुधवारी येईन. गोटीसाठी. तुमच्यासाठी नाही.


बुधवार, ९ एप्रिल
बाहेरच्या खोलीतून

विहीणबाई,

मला न्यायला आलेली गाडी कधीच गेली आणि मी अजून इथेच आहे. तुम्हाला आत वाटत असेल, ही बाई उठत का नाही. तोंडानं सांगायला गेले तर रडू फुटेल, शिवाय आपला अबोला या वेळी खरा आहे. म्हणून लिहिते.

गाडीचा भोंगा वाजला. मी पिशवी उचलली. तुम्ही आतून गोटीला काही सांगून पाठवलंत. ती आली, नेहमीसारखं पोट पुढे काढून उभी राहिली. मी गप्प राहिले. तिनं माझ्या पिशवीचा बंद धरला. मी तरी गप्प. मग ती म्हणाली, "आजी, बस."

स्पष्ट, विहीणबाई. "हं" नाही, "आ-दा-दा" नाही. मला वाटलं माझे कान वाजले. मी हळूच विचारलं, "काय म्हणाली ती आजी?" तर पुन्हा म्हणाली, "बस." आणि पिशवी ओढून खुर्चीखाली ढकलली. मी बसले.

जाकीट तेव्हा दोरीवर वाळत होतं. दोन्ही जाकिटं.

आता मला एकच खरं सांगा. तुम्ही तिला काय सांगून पाठवलं होतंत? तुम्ही 'त्या आजीला बस म्हणावं' असं म्हणाला असाल तर तिनं तुमचा निरोप आणला. तेही थोडं नाही, त्यासाठी मी कोट विसरून जाईन. पण तसं नसेल तर सांगा. माझं मन राखायला खोटं बोलू नका.


त्याच दिवशी
स्वयंपाकघरातून

विहीणबाई,

मन राखायला मी कधी कुणाशी खोटं बोलले नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?

मी म्हणाले होते, "त्या आजीला म्हणावं, गाडी आलीय, जायचं तर जा." अगदी अशाच तोऱ्यात. माझ्या नाकाचा राग अजून उतरला नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि बाहेर गेली.

तेव्हा 'बस' माझं नाही. माझं 'जा' तिनं वाटेतच कुठेतरी टाकून दिलं आणि स्वतःला जे म्हणायचं होतं ते तुम्हाला म्हणाली. इतका चुकीचा निरोप माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कधी दिला नव्हता. मी ओट्याला टेकून रडतेय आणि हे विचारताहेत, दूध उतू गेलं का?

पहिला शब्द कुणाच्या घरात आला म्हणून मी उद्या गाजावाजा करणार होते. करणार नाही. तो तुमच्याकडे बघून आला, तो तुमचा. जाकीटवाली पुरावा मागेल, तर तिला म्हणू, पुरावा नाही पण दोन साक्षीदार आहेत, आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणजे ठरवून खोटं सांगायचा प्रश्नच येत नाही.

उरलेल्या शब्दांसाठी आपल्याला भांडत राहावं लागेल. नाकाचं अजून पुष्कळ शिल्लक आहे, तुमच्याकडेही काढलं तर निघेल. पण हा कागद मी गोटीच्या हाती देत नाही, माझा मीच घेऊन बाहेर येते. गोटी बरोबर म्हणाली. बसा.